निग्रहाने काय होणार?

आज गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ३३वा श्लोक. ज्ञानी माणूससुद्धा आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, मग नुसत्या निग्रहाने काय साधणार, असं भगवंत विचारतात. (‘माझा स्वभावच असा आहे’ म्हणणाऱ्यांचा हा फार लाडका श्लोक!) आज तो जरा वेगळ्या ठिकाणी लावून बघू: स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या ताई-सरांना आपण नक्की काय शिकवतो?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. असं मूल गावातल्या साध्या शाळेत बसू शकतं आणि त्यासाठी शिक्षक तयार करणं ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीलाही. तिथे कुणाच्या घरी कोलामी, कुणाच्या घरी गोरमाटी आणि शाळेत मराठी. मूल गप्प आहे ते भाषा नवी म्हणून की स्वमग्नतेमुळे, हे ताईला कळणार कसं?

अमेरिकेत लोवास यांनी १९८७ मध्ये आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीचे निष्कर्ष छापले. १९ पैकी ९ मुलं सर्वसामान्य वर्गात सामावली, असं त्यांनी लिहिलं. खूप गाजलं ते. पण त्या शिकवणीत जोरात ‘नाही’ ओरडणं होतं, प्रसंगी मांडीवर चापटही. पुढे ही पद्धत बरीच मवाळ झाली, तरी माझा प्रश्न सुटत नाही. मुलाने हात फडफडवणं थांबवलं ते शिकलं म्हणून, की घाबरलं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

डोकं भिंतीवर आपटणाऱ्या मुलाला अडवावंच लागेल, त्यात वाद नाही. पण हात हलवणं, नजरेला नजर न देणं, हे खुपतं कुणाला? बहुतेक वेळा आपल्यालाच. केंद्रप्रमुख येणार आहेत, वर्ग शांत दिसला पाहिजे! पुढच्याच, ३४व्या श्लोकात भगवंत राग-द्वेषाच्या ताब्यात जाऊ नकोस म्हणतात. मला वाटतं, इथे ते शिकवणाऱ्याला लागू आहे. निग्रह करायचाच तर ताईने आपल्या चिडचिडीचा करावा.

आणि हे एका दिवसाच्या पीपीटीने, चहा-समोशाने आणि प्रमाणपत्राने येत नाही. आधी सांगा, मग करून दाखवा, मग करून घ्या आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगा. नुसत्या भाषणाने शिक्षकाचं वागणं फारसं बदलत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आम्हा कोडवाल्यांना हे नवीन नाही. स्लाइड बघून कोण कोड लिहायला शिकलंय? शेजारी कुणीतरी बसावं लागतं. याच अध्यायाचा २१वा श्लोकही तेच सांगतो: मोठा जसं वागतो तसं बाकीचे वागतात.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रशिक्षणानंतर महिन्यातून एकदा जरी जाणकार माणूस वर्गात मागे बसला, तर घंटा झाल्यावर कान दाबून ओरडणारं मूल उद्धट नाही, त्याला तो आवाज सोसत नाही, हे तो ताईला तिथेच दाखवू शकेल. मग घंटा जरा लांब टांगता येते.

उद्या ३५वा श्लोक, स्वधर्माचा.