दुसऱ्याच्या वेदनेला प्रारब्ध म्हणावे का?



मागच्या महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर चहा घेताना आमच्यात एक वाद झाला. आपल्यापैकी कोणी वेदनेने तळमळत असेल, तर त्याला "हा प्रारब्धाचा भोग आहे, भोगून संपवा" असं सांगावं का? अर्धे म्हणाले, सांगावं, शास्त्रच ते सांगतं. अर्धे गप्प बसले. आम्ही गप्प बसणाऱ्यांपैकी. गप्प बसण्याचं कारण त्या दिवशी सांगता आलं नाही, म्हणून आज लिहितोय. यात आमची चूकही आहे, ती लपवणार नाही.

काचीगुड्याच्या आमच्या मंडळात एक मावशी वीस वर्षांपासून येतात. त्यांच्या सांगण्यावरून नाव देत नाही. आरतीला झांजा त्यांच्याच हातात असायच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालात कळ यायला लागली. दात घासताना, घास चावताना, तोंडावर पाणी मारताना. दाढ किडली असेल म्हणून दाताच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, चार महिन्यांनी दुसरी काढली. कळ जिथल्या तिथे. हे काही त्यांच्या एकट्याच्याच नशिबी आलं असं नाही. या दुखण्यात चांगल्या दाढा निघाल्याच्या हकिगती जगभर आहेत, कारण दुखतं ते दाढेतच, असं माणूस शपथेवर सांगतो. शेवटी एमआरआय झाला तेव्हा कळलं, की चेहऱ्याची नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथे एक गाठ आहे. मेनिंजिओमा. कॅन्सरची नव्हे, पण जागा अवघड.

इथे थोडं थांबून ही नस समजून घेऊ, कारण आम्हालाही ती उशिराच समजली. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला दोन मोठ्या नसांनी कामं वाटून घेतलेली असतात. मेंदूतून निघणारी सातवी नस चेहरा हलवते. हसणं, डोळा मिटणं, गाल फुगवणं हे तिचं काम. पाचवी नस चेहऱ्याला जाणीव देते. तिच्या तीन शाखा आहेत, एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या जबड्याकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. म्हणून तिला ट्रायजेमिनल म्हणतात. बहुतेक रुग्णांमध्ये एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळावर टेकून धडधडत राहते, नसेचं आवरण झिजतं आणि मग वाऱ्याची झुळूकही विजेच्या झटक्यासारखी लागते. थोड्या जणांत ते काम गाठ करते. सलमान खानने आपल्याला हा आजार असल्याचं सांगितलं आणि २०११ मध्ये अमेरिकेत उपचार घेतले, तेव्हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलं. पण नाव पोहोचलं म्हणजे दुखणं पोहोचलं असं होत नाही.

गाठीचं ऑपरेशन झालं. बरीचशी निघाली, नसेला चिकटलेला थोडा भाग डॉक्टरांनी मुद्दामच राहू दिला. काही महिने बरे गेले. मग कळ परत आली, आणि तिच्याबरोबर गालात एक सततची आगही. कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू झाली. मूळची ही फिट्सवरची गोळी, पण १९६० च्या दशकापासून या दुखण्यालाही देतात. तिने झटके कमी होतात, पण गुंगी येते, तोल जातो, कधी रक्तातलं सोडियम उतरतं. आपल्या मनाने ती एकदम बंदही करायची नसते.

आता आम्ही काय केलं ते.

मावशी उपासनेला आल्या की आम्ही प्रेमाने त्यांना पंख्याखालची जागा द्यायचो. एक काकू येता-जाता त्यांचा गाल कुरवाळायच्या. सुंठवड्याचा प्रसाद हातावर ठेवून "खा, सगळं बरं होईल" म्हणायचो. कोणी म्हणालं, "चेहऱ्यावर तर काहीच दिसत नाही हो तुमच्या." कोणी ग्रुपवर लवंग तेलाचा उपाय टाकला, कोणी लसणाचा. आणि जवळजवळ प्रत्येकाने, आम्हीसुद्धा, केव्हा ना केव्हा म्हटलं, "मावशी, भोग आहे. गुरुकृपेनं सुळावरचं काट्यावर आलंय."

मावशी येईनाशा झाल्या. आम्ही आपसात बोललो, की आजारपणात श्रद्धा डळमळते माणसाची. हे वाक्य आज लिहितानाही लाज वाटते.

सहा महिन्यांनी आमच्यापैकी दोघीजणी त्यांच्या घरी गेल्या. मावशी सावकाश, ओठ कमीत कमी हलवत बोलत होत्या. फोन जवळ होता आणि तो दर थोड्या वेळाने टिंग करायचा. दवाखान्याच्या ओपीडीतल्या बाकावर भेटलेले ते पाच जण. सगळ्यांच्या डोक्यात कसली ना कसली गाठ, कोणाची काढलेली, कोणाची राहिलेली. त्यात जुन्या शहरातले एक गृहस्थ आहेत, ज्यांच्या कानाच्या नसेवरची गाठ काढल्यापासून एक डोळा नीट मिटत नाही. एका तेलुगू रिक्षावाल्याची बायको आहे. एक कॉलेजात जाणारा मुलगा होता. रात्री दोन वाजता मावशींना झोप लागत नसेल तर त्या लिहितात, "कोई जागा है?" आणि कोणीतरी जागं असतंच. मग एकच प्रश्न येतो, "आज कित्ता?" दहापैकी किती, एवढंच. उत्तरात आकडा. सात. समोरून, "मेरा पाँच." बस्स.

"आणि मग?" आमच्यातल्या एकीने विचारलं.

"मग काही नाही. माहीत असतं की कोणीतरी जागं आहे."

त्या ग्रुपवर उपाय टाकायचा नाही, असं कधी ठरलं नव्हतं, पण कोणी टाकत नाही. सांगतात ती फार बारीक कामाची गोष्ट. थंडीत मफलर गालावरून न घेता डोक्यावरून सैल कसा घ्यावा. दूध कोमट करून, बऱ्या बाजूने, छोट्या चमच्याने. जेवायच्या आधी किती वेळ गोळी घेतली की चार घास नीट जातात, हे डॉक्टरांना विचारायची आठवण.

दुखण्याला नाव काय द्यायचं यावरही त्यांची चर्चा चालते, आणि ती ऐकून आम्ही थक्क झालो. आपण नुसतं "दुखतंय" म्हणून मोकळे होतो. मावशींकडे सणक वेगळी, ठणका वेगळा, भगभग वेगळी. रिक्षावाल्याची बायको आगीला मंट म्हणते आणि झटक्याला "शॉक कोट्टिनट्टु". जुन्या शहरातले चाचा "करंट" म्हणतात. मावशींनी हे फरक डॉक्टरांना सांगितले, तेव्हा औषध बदलावं लागलं, कारण झटक्याचं औषध आणि नसेला इजा झाल्यानंतरच्या सततच्या जळजळीचं औषध नेहमी एकच नसतं. म्हणजे ज्या बोलण्याला आपण रडगाणं समजलो असतो, त्यातून उपचार निघाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

प्रारब्ध खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. आपल्या सगळ्यांचं जगणं त्या विचारावर उभं आहे. वादाच्या दिवशी आमच्यातले एक ज्येष्ठ काका फार पोटतिडकीने म्हणाले, की त्यांचा तरुण मुलगा गेला तेव्हा या एका शब्दाने त्यांना उभं ठेवलं. ते खरंच आहे, आम्ही पाहिलंय. पण नंतर जिन्यात त्यांनीच सांगितलं, की दहाव्याच्या दिवशी घाटावर एका नातेवाइकाने हाच शब्द त्यांना ऐकवला होता. त्या माणसाशी ते आजतागायत बोललेले नाहीत.

काकांच्या या दोन गोष्टींमधलं अंतर आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. शब्द तोच, अर्थही तोच. स्वतःशी म्हटला तेव्हा ती तितिक्षा झाली, सहन करण्याची ताकद झाली. दुसऱ्याने म्हटला तेव्हा तो निकाल झाला. ज्याचं दुखत नाही त्याने "भोग" म्हटलं की त्यात न बोललेली दोन वाक्यं आपोआप येतात. एक, तू काहीतरी केलं असशील. दुसरं, मला आता काही करायचं नाही. दुसरं जास्त वाईट. कारण खरं सांगायचं तर मावशींचं तोंड वेडंवाकडं होताना पाहवत नव्हतं, आणि त्या शब्दाने आमची सुटका होत होती.

नाथमहाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड, आणि वाटेत वाळवंटात तडफडणारं गाढव. नाथांना प्रारब्ध माहीत नव्हतं काय? पण त्यांनी गाढवाचा पूर्वजन्म काढला नाही, कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. रामकृष्ण परमहंसांना १८८५ मध्ये घशाचा कॅन्सर झाला. शिष्यांनी देहभोगाची चर्चा करत बसण्याऐवजी काशीपूरच्या बागेतल्या घरात पाळ्या लावून सेवा केली, डॉक्टर महेंद्रलाल सरकारांना बोलावलं. रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर एकापेक्षा जास्त वेळा शस्त्रक्रिया झाल्या. देह म्हणजे मी नव्हे, हे त्यांना आपण शिकवायला नको. तरी भक्तांनी उपचार थांबवले नाहीत.

ही चूक आपल्याच धर्मातली आहे असंही नाही. १८४७ मध्ये एडिंबराच्या सिम्पसन यांनी बाळंतिणींना क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली, तेव्हा बाळंतवेणा ही देवाने स्त्रीला दिलेली शिक्षा आहे, ती कमी करणारे तुम्ही कोण, असे आक्षेप निघाले. त्यांना उत्तर म्हणून सिम्पसन यांना पुस्तिका लिहावी लागली. आणि बघा, या क्लोरोफॉर्मच्या कहाणीत आपलं हैदराबादही आहे. सहाव्या निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये इथे दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसले. ते सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, आणि दुसऱ्याला लंडनहून लॉडर ब्रंटन आले होते. त्यांचे सगळे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण आज कोटी वुमेन्स कॉलेज म्हणून ओळखतो त्या रेसिडेन्सीवरून जाताना आम्हाला आठवतं, की याच शहरात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी काही माणसं फक्त एवढ्यासाठी डोकं फोडत होती, की सुरीखालच्या माणसाला दुखू नये आणि त्याचा जीवही जाऊ नये.

मात्र दुखणं एक असलं की मैत्री सोपी होते, असा गैरसमज आम्ही करून घेतला होता. मावशींनीच तो काढला. त्या म्हणाल्या, त्या ग्रुपवरही कोणाला कोणाचं दुखणं कळत नाही. चाचांचा करंट आणि माझी सणक एक आहे हे कशावरून? कधी हेवा वाटतो, त्याची गाठ पूर्ण निघाली, माझी का नाही. कधी कोणाला बरं वाटलं तर ते सांगायला संकोचतात. आणि तो कॉलेजातला मुलगा. त्याची गाठ यांच्यासारखी साधी नव्हती. पावसाळ्यात एका रात्री "आज कित्ता?" ला त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने त्याच्या बहिणीने त्याच नंबरवरून कळवलं.

"त्यानंतर पंधरा दिवस मी ग्रुप उघडलाच नाही," मावशी म्हणाल्या. "वाटलं, यांच्याशी जीव लावायचा म्हणजे दर वेळी हेच. मग एका रात्री चाचांचा मेसेज आला. बेटी, नऊ. मी उठून बसले. नऊ म्हणतोय माणूस, आणि मी आपला जीव सांभाळत बसू?"

त्यांनी उत्तर दिलं, "जागी हूँ."

आमच्यातल्या दोघींनी तिथेच माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "माफी राहू द्या. पंखा तेवढा बंद करा."

आम्हाला आधी कळलंच नाही. मग उलगडलं, की प्रेमाने दिलेली ती पंख्याखालची जागाच त्यांना सोसत नव्हती. श्रद्धा होती तिथेच होती. घरी त्या रोज नाम घेत होत्या, ओठ न हलवता.

तेव्हापासून रविवारी दिवाणखान्याच्या डाव्या कोपऱ्यातला पंखा बंद असतो. सुंठवड्याच्या ऐवजी एका वाटीत मऊ शिरा वेगळा काढून ठेवतो, कोमट. गालाला कोणी हात लावत नाही. ग्रुपवर कोणाच्याही आजारावर घरगुती उपाय टाकायचा झाला तर आधी त्या व्यक्तीला फोन करून विचारायचं, असं ठरलंय, आणि ते अजून तरी पाळलं जातंय. "भोग" हा शब्द कोणाच्या तोंडून निघालाच तर काका नुसते त्याच्याकडे बघतात.

एप्रिलच्या उकाड्यात तो कोपरा नकोसा होतो. मावशी दर रविवारी येतातच असं नाही, महिन्यातून एखादे वेळी, आकडा तीन-चार असेल तेव्हा. बाकीच्या रविवारीही पंखा बंदच ठेवतो, कारण त्या येणार की नाही हे त्यांनाही सकाळपर्यंत माहीत नसतं. झांजा सध्या दुसरी एक मुलगी वाजवते. ताल चुकला की मावशी मांडीवर बोटाने धरून दाखवतात.