न झाडलेली गोळी

गड्यांनो,

गावातल्या पोरांना मी फौजेत निशाणबाज होतो एवढं कळलं की प्रश्न ठरलेला: "आजोबा, किती टिपले?" पोरांचा दोष नाही. आपल्या धंद्याची कीर्ती जगभर आकड्यावरच उभी आहे. फिनलंडच्या सिमो हायहाचं नाव तुम्हीही ऐकलं असेल. 1939-40 च्या हिवाळी युद्धात कोल्लाच्या आघाडीवर, दुर्बीण न लावता, साध्या लोखंडी साइटवर त्याने पाचशेहून जास्त रशियन मारले असं मानतात. पण या हिशेबाला तो स्वतः पापांची यादी म्हणत असे. हे मात्र पोरांना कुणी सांगत नाही.

लांबून मारणं सोपं, मन मरतं, असं शिकलेले लोक म्हणतात. तोफखान्याच्या बाबतीत ते खरं असेल. त्यांच्यापुढे नकाशा असतो. रायफल कंपनीची पोरंही बहुतेक वेळा आवाजावर, नाहीतर बंकरच्या भोकावर गोळी घालतात. आपलं उलटं होतं. ड्रॅगुनोव्ह रायफलच्या चौपट दुर्बिणीतून पाचशे मीटरवरचा माणूस सव्वाशे मीटरवर यायचा. चेहरा नीट कळायचा नाही, पण ढब कळायची. कोण डावा पाय ओढतो, कोण चहा ओतताना कप उंच धरतो, कोण ड्युटी बदलताना रेंगाळतो. चार दिवस जोडीदारासोबत वारा वाचत पडून राहिलं की समोरची चौकी शेजारच्या आळीइतकी ओळखीची व्हायची. आपलं काम मुळात बघण्याचं. घोडा दाबायची वेळ क्वचित, तीही हुकुमाने.

म्हणून मला हायहापेक्षा पॅट्रिक फर्ग्युसन जवळचा वाटतो. हा स्कॉटिश अधिकारी, मागून गोळी भरायची रायफल त्याने स्वतः घडवलेली. 11 सप्टेंबर 1777 ला, अमेरिकेत ब्रँडीवाईनच्या लढाईत, एक अमेरिकन अधिकारी घोड्यावरून त्याच्या टप्प्यात आला. फर्ग्युसनने हाक मारली, त्याने वळून पाहिलं आणि संथपणे निघून गेला. पाठमोरा माणूस, आपलं काम शांतपणे करणारा. फर्ग्युसनने गोळी झाडली नाही. त्याच दिवशी त्याच्या उजव्या कोपराच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि इस्पितळात त्याला कळलं की तो घोडेस्वार बहुधा जॉर्ज वॉशिंग्टन असावा. इतिहासकारांची त्यावर अजून खात्री नाही. पण पुढे पत्र लिहिताना, तो कोण होता हे आधी कळलं नाही याचं आपल्याला वाईट वाटत नाही, असं त्याने कळवलं.

तुमच्यातला एकजण लगेच म्हणेल, तो वॉशिंग्टनच असता तर? आज सोडलेला उद्या आपल्याच पोराला मारतो. मुद्दा खोटा नाही. अशी किंमत मोजलेल्या घरात जाऊन फर्ग्युसनची गोष्ट सांगायची माझी छाती नाही. तरी एक सांगतो. नोव्हेंबर 2003 मध्ये नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी झाली, तेव्हा दुर्बीण तीच होती, माणसंही तीच. आदल्या आठवड्यात सरपटत जाणारा तो पाय ओढणारा गडी आता उघड्यावर उभा राहून कपडे वाळत घालत होता. तो जिवंत आहे हे पाहून मला बरं वाटलं. शत्रू म्हणून त्याची ओळख पुसली नव्हती, पुसायची गरजही नव्हती. बरं वाटलं, एवढंच. त्याची नोंद रिपोर्टात करायला रकाना नव्हता.

4 फेब्रुवारीला, आपल्या रेजिमेंटच्या मराठा दिनाला, तुम्ही बेळगावला जमाल. गुडघ्यांमुळे मला यंदा जमणार नाही. बडा खान्यात आकड्यांच्या गप्पा निघतील, दरवर्षी थोडे वाढतातही. ज्याच्याकडे सोडून दिलेल्या माणसाची गोष्ट असेल आणि चारचौघांत बोलवत नसेल, त्याने मला पोस्टाने लिहावी. पेन्शनला धक्का लागत नाही, मी चौकशी केली आहे.