सळया

आमच्या घराच्या गच्चीवर तेवीस वर्षं सळया उभ्या होत्या. सहा कॉलम, प्रत्येकी चार सळया. गावाकडं असं घर तुम्ही पाहिलं असेल. खाली माणसं राहतात, वर आभाळाकडं तोंड करून लोखंड उभं. पाहुणे विचारायचे, "वरचा मजला कधी चढवताय?" आणि आम्ही म्हणायचो, "औंदा नाही, पुढच्या साली."

ह्या सळया माझ्या वडिलांनी ठेवायला लावल्या. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. स्लॅब पडला त्या दिवशी गवंडी सळया कापायला निघाला, तर दादा त्याच्यावर खेकसले. "ऱ्हाऊ दे त्या. एक मजला मी चढवला, दुसरा ह्यो चढवंल, तिसरा ह्येचा पोरगा." ह्यो म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा विचारायची रीतही नव्हती.

दादांना स्लॅबचं एवढं का होतं, हे समजून घ्यायला मला फार वर्षं लागली. आमचं जुनं घर माळवदाचं. पांढऱ्या मातीचं छत, उन्हाळ्यात गार, पण पावसाळ्यात ठिकठिकाणी गळायचं. आई रात्री उठून तिथं तिथं भांडी मांडायची. त्यात 1972 चा दुष्काळ. दादा तेव्हा तरणेताठे होते. खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीचं नाव काढलं तरी म्हातारपणीसुद्धा त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. अशा माणसाला पक्कं छत म्हणजे थाट वाटत नाही. पुन्हा ते दिवस येणार नाहीत, याची ती पावती असते.

मी मात्र ती पावती कर्ज समजून फेडत बसलो.

वरचा मजला चढवायचा तर पैसा पाहिजे, पैसा पाहिजे तर ऊस पाहिजे. आमचं रान काळं, खोल, ओल धरणारं. ह्या रानात बापजाद्यांनी मालदांडी ज्वारी पेरली. परतीच्या पावसाची ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर येणारं पीक, त्याला पाणी द्यायची गरज नाही. त्या रानात मी आडसाली ऊस लावला. सोळा-अठरा महिने रानात उभा राहणारा आणि सतत पाणी मागणारा. एक बोअर पाडली, ती आटली. दुसरी पाडली. चौथ्या बोअरला नुसता फुफाटा उडाला. 2012-13 च्या दुष्काळात उभा ऊस वाळायला लागला तेव्हा तो कापून जनावरांपुढं टाकला. कर्ज तेवढं हिरवंगार राहिलं.

त्या वर्षी सोसायटीच्या नोटिशीचा कागद हातात घेऊन मी गच्चीवर बसलो होतो. सळयांना हात लावला तर तांबडा गंज हाताला आला. मनात आलं, आपण कुणासाठी पळतोय? बायकोला वरचा मजला नको होता, तिला खालच्याच झाडलोटीचा कंटाळा. पोरगं पुण्याला. आई मोतीबिंदूमुळं जिना चढत नव्हती. उरले दादा, ते जाऊन नऊ वर्षं झालेली.

पण बापाची इच्छा मोडायची म्हणजे साधी गोष्ट नाही. आपल्याकडं कावळा शिवेपर्यंत माणसं नदीकाठी ताटकळत बसतात आणि राहिलेल्या इच्छा बोलून दाखवतात. मला हा प्रश्न खराच छळत होता. मग हळूहळू लक्षात आलं की दादांनी माझ्याकडं दोन गोष्टी सोपवल्या होत्या, एक त्यांची इच्छा आणि एक त्यांची भीती. पोरं उपाशी राहू नयेत, ही इच्छा. ती ज्वारीनं पुरी होत होती. मजल्यावर मजला ही त्यांची भीती होती, आणि भीतीला पोट भरल्याचं कळत नाही.

ऊस मोडला. दोन एकर विकून कर्ज मिटवलं. हे लिहायला सोपं आहे, पण ते दोन एकर आजही रस्त्यानं जाताना मी बघत नाही. उरलेल्या रानात ज्वारी, बांधाला तूर, एक म्हैस. कडबा घरचा, भाकरी घरची. रात्री मोटार चालू करायला उठावं लागत नाही. झोप लागते, ह्याचं मलाच पहिले काही महिने नवल वाटायचं.

इथं एक सांगितलं पाहिजे. हुरड्याला शहरातली मंडळी येतात, बांधावर बसून म्हणतात, "किती साधं, किती सुखाचं आयुष्य!" मला ते ऐकवत नाही. साधेपणा मला परवडला, कारण डोक्यावर दादांचा स्लॅब होता. आमच्या शेजारी पत्र्याच्या खोलीत सहा माणसं राहतात. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की थोडक्यात भागवा? त्यांनी मजला बांधावा, जमेल तर दोन बांधावेत.

सळया कापल्या त्या मागच्या दिवाळीनंतर. गवंडी म्हणाला, "गंज खाली उतरतोय, कॉलम फुटंल. एक तर मजला चढवा, न्हाईतर कापून सिमेंट मारा." दोन तासांचं काम. कटरचा आवाज ऐकून आईनं खालून विचारलं, "काय चाललंय रं?" सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चार ठेव. दोडक्याच्या मांडवाला व्हतील."

पोराला फोनवर सांगितलं. मला वाटलं, त्याला बरं वाटेल, त्याच्या मानेवरचं ओझं गेलं. तर तो म्हणाला, "आप्पा, मला विचारायचं तरी. मी परत आलो तर?"

ह्यावर मला बोलायला सुचलं नाही. बापानं मला न विचारता सळया ठेवल्या, मी पोराला न विचारता कापल्या.

मे महिन्यात तो आला. गच्चीवर गेला, सिमेंट मारलेल्या बुडख्यांवरून हात फिरवला, काही बोलला नाही. रात्री खाली उकडतंय म्हणून त्यानं आपलं अंथरूण वर नेलं. थोड्या वेळानं वरूनच हाक मारली, "आप्पा, येताना पाण्याचा तांब्या आणा."

मी तांब्या घेतला आणि माझी वाकळही उचलली.