बडतर्फीच्या पलीकडे

बर्लिनमधील एका भव्य हॉटेलात अल्पकाळ एकत्र आलेल्या माणसांची कथा व्हिकी बाउम या लेखिकेने 1929 साली जर्मन कादंबरीत सांगितली. 1932 साली एडमंड गोल्डिंगने ‘ग्रँड हॉटेल’ या नावाने ती पडद्यावर आणली तेव्हा ग्रेटा गार्बो, जोन क्रॉफर्ड आणि दोघे बॅरिमोर बंधू एकाच चित्रपटात पाहावयास मिळण्याचे अप्रूप एवढे मोठे होते की, तिच्यातील धनी-चाकरांच्या नात्याकडे अनेकांचे दुर्लक्ष झाले असल्यास नवल नाही.

नोंदवहीत नाव चढले आणि खोलीची किल्ली हाती पडली की कुळ, हुद्दा आणि मानमरातब दाराबाहेर राहतात, असा हॉटेलाचा मूक दावा असतो. क्रिंगेलाइन हा मृत्युपंथाला लागलेला कारकून तो अक्षरशः खरा मानतो. जन्मभर कारखान्याचा जमाखर्च लिहून गाठीला बांधलेली पुंजी घेऊन तो, त्याच कारखान्याचा मुख्य प्रायसिंग जेथे उतरला आहे तेथेच मुक्कामाला येतो, आणि खोली हलकी मिळाली म्हणून भर दालनात तक्रारही करतो! पुढे तो या धन्याला चारचौघांत खडे बोल सुनावतो. प्रायसिंग सवयीप्रमाणे बडतर्फीचा धाक घालतो, परंतु ज्याचे दिवस भरत आले आहेत त्याला कामावरून काढून टाकण्यात आता कसलाच अर्थ उरलेला नसतो. समता त्याला लाभते ती अशी, साऱ्या शिलकीच्या आणि आयुष्याच्या मोबदल्यात.

ज्याला अजून जगावयाचे आहे त्या सेन्फची गोष्ट निराळी. हा द्वारपाल वर्तुळाकार मेजामागे किल्ल्या आणि निरोप सांभाळीत उभा आहे. पत्नी इस्पितळात प्रसूतीच्या वेणा सोशीत आहे, आणि चाकरी सोडून जाण्याची मुभा नसल्यामुळे तिची खबर त्याला दूरध्वनीवरूनच घ्यावी लागते. सरदार-दरकदारांचे प्रणय आणि खून चित्रपट मनसोक्त रंगवतो. सेन्फच्या वाट्याला मोजकीच दृश्ये येतात. हा मला दिग्दर्शकाचा दोष वाटत नाही; अशा घरांत चाकरांच्या संसाराला जेवढी जागा असते, तेवढीच त्याने दिली आहे.

महायुद्धात अर्धा चेहरा होरपळलेला डॉक्टर ओटर्नश्लाग याच मेजापाशी येऊन आपले पत्र आले का, असे पुसतो, आणि येथे कधी काहीच घडत नाही असा निर्वाळा देतो. त्याच्या विरक्तीला लोकांनी तत्त्वज्ञान मानले. परंतु समोरच्या माणसाच्या घरी काय चालले आहे, याची त्याने चौकशी केलेली दिसत नाही.