रे रोडवरून विलायत

एखाद्या लोकांची ओळख करून देणारी पुस्तके मला नेहमीच थोडी संशयास्पद वाटत आली आहेत. ब्रिटिश लोकांविषयीचे असे पुस्तक उघडले की पहिल्या प्रकरणात हवा, दुसऱ्यात राजेराण्या, तिसऱ्यात पार्लमेंट आणि शेवटी स्वभाव. ब्रिटिश माणूस वक्तशीर असतो, मोजके बोलतो, जे बोलतो ते बहुधा पावसाविषयी बोलतो, रांगेत मुकाट्याने उभा राहतो आणि चहात दूध घालतो. हे सारे खरेही असेल. पण लग्नाच्या स्थळांच्या याद्यांत 'मुलगा मनमिळाऊ व निर्व्यसनी' असे छापलेले असते तेही पुष्कळदा खरेच असते, आणि तेवढ्यावर कोणी मुलगी देत नाही. चार ठिकाणी चौकशी करतात, आणि चौकशीत विचारतात ते हेच की, पैशाचा प्रश्न आला तेव्हा हा माणूस कसा वागला? भावाभावांत वाटणी झाली तेव्हा काय केले?

ब्रिटिशांबद्दल मी अशी चौकशी केली ती विलायतेत जाऊन नव्हे. घोडपदेवच्या माणसाला विलायत परवडत नाही. मी ती केली रे रोड स्टेशनच्या नावावरून.

हे नाव मी आयुष्यात किती हजार वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. पूर्वेला बंदराच्या गोद्या, दारूखाना, लाकडाच्या वखारी, भंगाराचे ढीग. पश्चिमेला आमचे घोडपदेव, आणि मध्ये हे स्टेशन. हार्बर फाट्यावर कुर्ल्याहून गाडी प्रथम आली ती १९१० साली, आणि ती येथेच येऊन थांबत असे. लहानपणी मला हा 'रे' मराठीच वाटे. 'कुठे चाललास रे?' यातला. स्टेशनच जणू जाणाऱ्याला हाक मारीत आहे. पुढे कळले की हा लॉर्ड रे, १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातला इंग्रज उभा राहिला: लाल चेहऱ्याचा, ताठ, मितभाषी.

चौकशी सुरू केली आणि पहिल्याच पायरीवर हा इंग्रज नाहीसा झाला. डोनल्ड जेम्स मॅके, अकरावा लॉर्ड रे, याचा जन्म १८३९ साली हॉलंडात, हेग येथे झाला. कायदा शिकला तो लायडन येथे. हॉलंडच्या पार्लमेंटात तो सभासद होता. वडिलांकडून स्कॉटलंडातली सरदारकी चालत आली म्हणून तो ब्रिटनला गेला आणि १८७७ साली ब्रिटिश नागरिक झाला. म्हणजे मुंबई इलाख्यावर 'ब्रिटिश' सत्ता गाजविण्यास आला तेव्हा त्याला ब्रिटिश होऊन उणीपुरी आठ वर्षे झाली होती! तो इकडे गव्हर्नर असताना त्याचा चुलतभाऊ तिकडे हॉलंडचा पंतप्रधान झाला. आणि याच डच माणसाला पुढे, १९०२ साली, ब्रिटिश अकॅडमीचा पहिला अध्यक्ष नेमण्यात आले. जन्मावर जात ठरविणाऱ्या आम्हां लोकांना हे पचविणे सोपे नाही.

मग ब्रिटिश म्हणजे कोण? आमच्या भाषेने या प्रश्नात फारसा रस घेतलेला नाही. पोर्तुगीजांच्या तोंडून ऐकलेला 'इंग्रज' आम्ही घेतला आणि त्यातच स्कॉच, वेल्श, आयरिश सारे कोंबले. त्याआधी तर साऱ्या युरोपला मिळून 'टोपीकर' हा एकच शब्द पुरत असे. देशाचे नाव 'विलायत'. तोही मूळचा अरबी शब्द. टोपीखालच्या डोक्यांत काय फरक आहे हे पाहण्याची आम्हांला गरज वाटली नाही. त्यांनाही आमच्या पागोट्यांखालचा फरक खानेसुमारीपुरताच हवा होता, तेव्हा हा हिशेब फिटला म्हणावा.

पण रे हे नाव जेथून येते तो मुलूख पाहण्यासारखा आहे. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, समुद्रकाठी, रे नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या भागात मॅके कुळाची जुनी वस्ती. त्यांची भाषा इंग्रजी नव्हे, गेलिक. यांतले स्ट्रॅथनेव्हर नावाचे खोरे सदरलंडच्या बड्या जमीनदार घराण्याकडे गेले, आणि या घराण्याला कळून चुकले की, माणसे ठेवण्यापेक्षा मेंढ्या ठेवणे किफायतीचे. १८१४ आणि १८१९ साली तेथल्या कुळांना हुसकून लावण्यात आले. ती परत येऊ नयेत म्हणून घरे पेटविण्यात आली. ज्या कारभाऱ्याने हे काम केले त्याच्यावर १८१६ साली खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. रे घराण्याची उरलीसुरली जमीनही १८२९ साली त्याच सदरलंडांना विकली गेली. म्हणजे ज्या नावाचा दगड आमच्या रस्त्यावर साम्राज्याची खूण म्हणून बसला, त्या नावाची माणसे स्वतः घराबाहेर काढलेली होती. घर पाडले जाणे म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

यावरून कोणी म्हणेल, ब्रिटिश हे दोन प्रकारचे. जुलूम करणारे आणि सोसणारे. तितके सोपे असते तर मी हा लेख लिहिलाच नसता. मला खरा पेच पडला तो लॉर्ड रेच्या कारकीर्दीतल्या एका प्रकरणाने. क्रॉफर्ड प्रकरण म्हणून ते त्या काळी महाराष्ट्रभर गाजले होते.

क्रॉफर्ड हे नावही मुंबईकराला पाठ आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. शहर त्याने अक्षरशः धुऊन काढले; तिजोरीही धुऊन काढली असे विरोधक म्हणत. १८६९ साली बांधून झालेल्या भव्य बाजाराला त्याचे नाव मिळाले. माणूस हुशार, उमदा, उधळ्या आणि कायमचा कर्जबाजारी. पुढे तो पुण्याकडे मध्य भागाचा रेव्हेन्यू कमिशनर झाला आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली की, मामलेदारांना बदली हवी असेल, बढती हवी असेल, निदान आहे ती जागा टिकवायची असेल, तर साहेबाच्या हणमंतराव नावाच्या दलालाला भेटावे लागते.

अशा कुजबुजीचे सरकारदरबारी सहसा काय होते हे आपण जाणतो. लॉर्ड रेने ती कानाआड केली नाही. १८८८ साली त्याने क्रॉफर्डला निलंबित केले, हणमंतरावावर खटला भरून त्याला कैदेत पाठविले आणि क्रॉफर्डची चौकशी करण्यास कमिशन नेमले. स्वतःच्या जातीच्या, स्वतःच्या क्लबातल्या, मोठ्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याविरुद्ध नेटिव मामलेदारांच्या साक्षी घ्यावयाच्या, हे इकडच्या गोऱ्या मंडळींना मुळीच रुचले नाही. रे परका, डच, म्हणून त्याला साम्राज्याची इभ्रत कळत नाही, असेही कोणाच्या मनात आले असल्यास नवल नाही. मला तर वाटते, उशिरा ब्रिटिश झालेला हा माणूस पुस्तकातले ब्रिटिश गुण खरे मानून बसला होता. धर्मांतर केलेला माणूस पोथी जास्त काटेकोरपणे पाळतो, तसे.

आता अडचण अशी की, लाच घेणे जसा गुन्हा तसा देणे हाही गुन्हाच. मामलेदार साक्ष देणार म्हणजे आपल्याच तोंडाने आपला गुन्हा कबूल करणार. म्हणून रेच्या सरकारने त्यांना शब्द दिला: खरे सांगा, तुम्हांला इजा होणार नाही. त्या शब्दावर विसंबून मामलेदार पुढे आले. आपण पैसे कधी दिले, किती दिले, कोणाच्या हाती दिले, हे भर चौकशीत सांगितले. कमिशनने शेवटी लाचलुचपतीचे आरोप सिद्ध झाले नाहीत असे म्हटले. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जे काढली एवढे मात्र शाबीत धरले. त्यावरच क्रॉफर्डला नोकरीतून जावे लागले.

आणि मग खरी गंमत झाली. क्रॉफर्ड आगबोटीने घरी गेला. मामलेदार मात्र फशी पडले. इंग्लंडात ओरड उठली की, लाच दिल्याचे स्वमुखाने कबूल करणारे हे लोक न्यायाच्या खुर्चीवर बसतातच कसे? पार्लमेंटात प्रश्न निघाले. १८८९ साली कायदा करून त्यांना खटल्यांपासून संरक्षण देण्यात आले खरे, पण नोकरीच्या बाबतीत रेचा शब्द पुरता पाळू देण्यात आला नाही. ज्यांनी दडपणाखाली पैसे भरले त्यांना ठेवले. ज्यांनी आपल्या फायद्यासाठी मोजले असे ठरले त्यांपैकी काहींना काढून टाकले. रे आपल्या शब्दासाठी भांडला, वरच्यांनी ऐकले नाही. पुण्यात मामलेदारांच्या बाजूने मोठी सभा भरली आणि तीत तरुण टिळक बोलले. त्यांचे म्हणणे, सरकारने एकदा दिलेले वचन हे वचन आहे.

माझे मन या प्रकरणापाशी अडते ते अशासाठी की, येथे लबाड कोणीच नाही असे क्षणभर वाटते. वचन पाळा म्हणणारा रे ब्रिटिशांच्या एका तत्त्वावर उभा आहे. भ्रष्ट माणूस न्यायासनावर नको म्हणणारे पार्लमेंटातले सभासद त्याच लोकांच्या दुसऱ्या तत्त्वावर उभे आहेत. दोन्ही तत्त्वे उत्तम. पण दुसऱ्या तत्त्वाची आठवण कधी झाली ते पाहा. मामलेदारांची साक्ष हवी होती तेव्हा नव्हे, ती घेऊन झाल्यावर. आणि ते तत्त्व कोणाला लागू पडले? ज्याच्या दारी पैसा गेला त्याला नव्हे, ज्याच्या दारातून गेला त्याला. शुद्धतेचा असा आग्रह मला शिवाशीव पाळणाऱ्यांच्या घरी पाहिलेला आहे; तेथेही विटाळ नेहमी खालच्याचाच होतो. म्हणून या भांडणात मी रेच्या बाजूचा. दुबळ्याने तुमच्या शब्दावर विश्वासून स्वतःची मान पुढे केली, की त्यानंतर तुमचे सोवळे आठवण्याचा हक्क तुम्हांला उरत नाही. मामलेदार स्वच्छ होता की मळका हा प्रश्न शब्द देण्यापूर्वी विचारावयाचा.

हे लिहून मी समाधानाने पेन खाली ठेवणार होतो. पण एक माणूस आडवा आला. क्रॉफर्डच्या बाजाराचे नाव आज महात्मा जोतिबा फुले मंडई आहे. लॉर्ड रेच्या नावानेही पुण्यात १८८६ साली एक मंडई उघडली होती, रे मार्केट. आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचीही महात्मा फुले मंडई झाली. पुण्याचे लॉर्ड रे औद्योगिक संग्रहालय होते, तेही आज महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे. चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी झाली तो, दोघांच्याही पाट्यांवर एकच नाव! त्यातही मौज अशी की, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी त्या मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर कशाला, तो शिक्षणावर लावा, असे त्यांचे म्हणणे.

हे नाव समोर आल्यावर मामलेदारांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. मामलेदाराने साहेबाला पैसे दिले ते आणले कोठून? पगारातून? उघडच आहे की त्यांतले पुष्कळसे खाली वसूल झाले. कुळकर्ण्याकडून, पाटलाकडून, आणि सरतेशेवटी ज्याला कोणाकडूनच वसूल करता येत नाही त्या कुणब्याकडून. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या फुल्यांना या उतरंडीविषयी कमिशनची गरज नव्हती. गोरा साहेब आळसावलेला, काळा अंमलदार सोकावलेला आणि शेतकरी नागवलेला, हे त्यांनी प्रकरण गाजण्यापूर्वीच सांगून ठेवले होते. कमिशनने क्रॉफर्डचे ऐकले, मामलेदारांचे ऐकले. पार्लमेंटात दोघांविषयी चर्चा झाली. पुण्याच्या सभेत मामलेदारांच्या अब्रूविषयी बोलले गेले. ज्याच्या घरातली कणगी रिकामी झाली त्याला शब्दही कोणी दिला नाही. मग मोडायचा कोणी?

तरीही रेने दिलेला शब्द पाळला जावयास हवा होता, हे माझे मत मी बदलत नाही. कुणब्यावरचा अन्याय मामलेदाराला फसवून फिटत नाही. फक्त आता ते मत मी पूर्वीइतक्या ऐटीत सांगत नाही. आणि ब्रिटिशांची ओळख विचारलीत तर मी हे प्रकरण पुढे करीन. आपल्या बड्या माणसाला चौकशीपुढे उभे करण्याची हिंमत त्यांच्यात होती. ती त्या काळी आमच्या किती संस्थानिकांत होती? आणि त्या हिमतीचे बिल आपल्याकडे येऊ लागताच ते दुसऱ्याच्या नावे फाडण्याची हातोटीही त्यांच्यात होती. क्रॉफर्डने १८९७ साली लंडनात एक पुस्तक छापून पुण्यावरचा आपला सगळा राग ओकून टाकला. मामलेदारांपैकी कोणी पुस्तक लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

२०२४ साली राज्य सरकारने मुंबईतील काही स्टेशनांची इंग्रजी नावे बदलण्याचा प्रस्ताव मंजूर करून केंद्राकडे धाडण्याचे ठरविले. त्यात रे रोडचे घोडपदेव सुचविले आहे. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी २०१८ सालीच झाले. आमच्या चाळीत यावर दोन तट पडले. एक म्हणे, गुलामीची खूण गेली पाहिजे. दुसरा म्हणे, नावात काय आहे, आधी पुलाखालचे पाणी काढा. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, घोडपदेव हेच खरे नाव. देव येथे गव्हर्नरच्या आधीपासून आहे. मग कोणीतरी सहज विचारले, "पण हा रे होता तरी कोण?" मी सांगू लागलो, हॉलंडपासून. सिग्नलची वेळ झाली होती, दोघे गाडी पकडायला उठले. तिसरा बसून राहिला, आणि मामलेदारांपर्यंत आलो तेव्हा त्याने मला थांबवून विचारले, "काढून टाकले त्यांच्या बायकापोरांचे पुढे काय झाले?"