वरची माती

पेठ बीडमधला बप्पांचा वाडा बिंदुसरेपासून जरा उंचावर. 1989 च्या जुलैत नदीकाठची घरं पुरानं नेली, हा वाडा राहिला. तेव्हापासून भाडेकरूंच्या कुठल्याही तक्रारीवर बप्पांचं उत्तर ठरलेलं होतं: "पुराला दाद दिली न्हाई हो ह्या वाड्यानं."

वाड्यात पाच बिऱ्हाडं होती. जिल्हा रुग्णालयातल्या सिस्टर, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून नाना, एक रिक्षावाला बायकापोरांसह, स्पर्धा परीक्षेची तीन पोरं आणि ऊसतोडीचं एक जोडपं. हे जोडपं दिवाळी झाली की म्हातारीला मागं ठेवून कारखान्यावर जाई. भाडं महिना 1000 रुपये. अनामत नाही, करार नाही. हिशेब बप्पांच्या वहीत. कुणाकडं पाहुणा आला तर बप्पांच्या घरून ताकाचा तांब्या येई. खडूस मालकाशी भांडता येतं. ताक पाठवणाऱ्याशी भांडायला जीभ रेटत नाही.

वाड्याचं छत माळवदाचं. सागवानी सर, त्यावर किलच्या, त्यावर पांढरी माती. दरसाल मृगाच्या आधी बप्पा दोन गडी लावून वर नवी पांढरी टाकून घेत, तुडवून घेत. गळती थांबे, भाडेकरू खूश. बप्पांच्या आजोबांपासून हेच चालत आलं होतं. जुनी माती खाली उतरवायची असते, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पौषात सिस्टरांच्या खोलीचं दार चौकटीत अडकू लागलं. कडी लागेना. बप्पा म्हणाले, "लाकूड पावसानं फुगतंय." पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. शेजारच्या म्हातारीच्या भिंतीनं तर चांगलं वीतभर पोट काढलं होतं.

न्हाणीच्या कामाला आलेल्या मिस्त्रीला सिस्टरांनी माळवदावर चढवलं. त्यानं पहार मातीत रोवली, ती दोन फूट आत गेली. खाली येऊन त्यानं हिशेब मांडला. दहा बाय पंधराची खोली, वर दोन फूट माती, म्हणजे तीन ब्रास. ब्रासला चार टन धरा.

"बारा टन डोक्यावर घेऊन झोपायलाव तुम्ही," तो म्हणाला. "किल्लारीला ढिगारे उपसायला होतो मी. 30 सप्टेंबर 1993, पहाटं चारच्या आत. लोक म्हणतेत भूकंपानं मारलं. दगडमातीच्या भिंती आन् वरची ही असली माती, तिच्याखाली दबली माणसं. दर वर्षी गळती बुजवत बुजवत घर जड केलेलं."

रात्री नानांच्या खोलीत सगळे जमले. रिक्षावाला म्हणाला, "बोललो तर भाडं वाढवतेल. हजारात कुठं मिळतंय बीडात?" पोरांचं म्हणणं, आम्ही वर्षभराचे पाहुणे. एकानं नगरपालिकेचं नाव काढलं. धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागली की आधी बाहेर पडतो तो भाडेकरूच, हे नानांनी नोकरीत पुष्कळ पाहिलेलं.

त्यांनी दुसरी वाट सांगितली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 14. करारात वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं केलं नाही, तर भाडेकरूनं करावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. "करार झालाच नाही, ते आपल्या पथ्यावर पडलं. फक्त वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर वळतं करता येत नाही."

म्हणजे 3000 रुपये. मिस्त्री हसला, "तेवढ्यात मी नुसता चढून उतरंन." स्वस्त भाड्याची ही गोम तोवर कुणी पाहिली नव्हती: भाडं जितकं कमी, तितका दुरुस्तीचा हक्कही तोकडा. पण कायद्यात भाडेकरूंनी मिळून करण्याचीही सोय आहे. पाच बिऱ्हाडांचे 15,000 झाले. रिक्षावाल्याच्या भावाचा ट्रॅक्टर नुसत्या डिझेलवर मिळणार होता. तरी सही आधी कोण करणार, यावर गाडी अडली.

म्हातारीनं कारखान्यावर पोराला फोन लावायला लावला, होकार घेतला आणि अंगठा पुढं केला. "तुम्ही दिवसा भाईर तरी जाता. मी चोवीस तास हिच्याखालीच हाय."

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. चौक ओलांडून समोर राहणाऱ्या माणसाला पोस्टमननं नेऊन दिली. बप्पांना ते फार लागलं. ताक बंद झालं. "खोल्या खाली करा," असंही म्हणून झालं. नाना शांतपणे म्हणाले, "त्याला कोर्टाचा हुकूम लागतो, बप्पा. दुरुस्तीला लागत नाही."

सोळाव्या दिवशी टिकाव पडला. मिस्त्री वीतभर माती ठेवणार होता, तीही खाली मेणकापड अंथरून. ट्रॉल्या भरून जाऊ लागल्या. बप्पा ओट्यावर पाठ करून बसले होते. म्हातारीच्या खोलीवरची माती निघाली तेव्हा मिस्त्रीनं त्यांना हाक मारून वर नेलं. सराचं भिंतीत शिरलेलं टोक वाळवीनं खाल्लं होतं. बप्पांनी चिमटीत धरलं तर त्याचा भुसा झाला.

ते बराच वेळ तिथंच उकिडवे बसले. मग चौकापलीकडच्या आपल्या माळवदाकडं बघून म्हणाले, "तिथली कवा काढायलाव?"

"तिथला खर्च कुणाच्या भाड्यातून वळता करायचा?" नानांनी विचारलं.

बप्पांनी रिक्षावाल्याला हाक दिली. "भावाला सांग, ट्रॅक्टर उद्या बी लागंल. डिझेलवर नगं, पुरं भाडं देतो. आन् ह्या म्हातारीच्या खोलीला नवा सर घाला, त्याचे पैसे माझ्याकडून घ्या."

"लेखी द्या," नाना म्हणाले.