जन्माला घातल्याचे ऋण

समुद्रातले शोभेचे मासे पाळणाऱ्याला आज एक सोयीचे समाधान मिळाले आहे. मासा प्रवाळातून पकडून आणलेला नाही, टाकीतच जन्मलेला आहे, तेव्हा पाप कसले? या समाधानात तथ्य आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही प्रवाळाच्या कपारींत सायनाइडची पिचकारी मारून मासे गुंगवून पकडले जात आले. त्यात मासे मरतात आणि प्रवाळही मरते. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांभोवतीच मूळचा असलेला बांगाई कार्डिनल मासा १९९०च्या दशकात शौकिनांच्या नजरेत भरला आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत संकटग्रस्त ठरला. त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि पिल्ले बऱ्यापैकी मोठी होऊनच बाहेर पडतात, म्हणून घरच्या टाकीतही ती जगवता येतात. असा मासा घरी वाढवणे हे समुद्रातून ओरबाडण्यापेक्षा निःसंशय चांगले. पण चोरी केली नाही एवढ्याने माणूस दाता ठरत नाही. पकडण्याचे पाप टळते तिथेच जन्माला घालण्याचे ऋण सुरू होते, आणि ते फेडणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नसतो, असे माझे म्हणणे आहे.

हे ऋण नेमके कुठे सुरू होते ते क्लाउनफिशच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या या माशाची जोडी एकदा रुळली की दर दोन-तीन आठवड्यांनी दगडावर किंवा उपड्या कुंडीवर काहीशे अंडी घालते. नर परांनी त्यांच्यावर पाणी हलवत राहतो, तोंडाने ती साफ करतो, खराब झालेली वेचून खातो. नारिंगी अंडी हळूहळू काळपट होतात, त्यांत रुपेरी डोळे दिसू लागतात आणि आठवड्या-दीड आठवड्याने, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत ती फुटतात. बाहेर येणारे पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे. त्याच्या तोंडात मावेल असे जिवंत खाद्य म्हणजे रोटिफर नावाचे सूक्ष्म जलजीव. ते शेवाळाच्या हिरव्या पाण्यावर बादलीत वाढवायचे, अगदी बारीक जाळीने गाळायचे आणि पिल्लांच्या टाकीत कमी पडू द्यायचे नाहीत. पुढे मिठाच्या पाण्यात दिवसभरात उबणारे आर्टेमिया हे बारीक जलजीव द्यायचे. दहा-पंधरा दिवसांनी अंगावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. अंडी घालणे हा माशाचा स्वभाव. पण पिल्ले वेगळ्या टाकीत नेऊन त्यांना पहिला घास घालणे हा माणसाचा निर्णय आहे. ऋण त्या पहिल्या घासापासून चढू लागते.

आपल्या परंपरेत ऋण जन्मलेल्याच्या डोक्यावर असते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण घेऊनच माणूस जन्माला येतो, कारण जन्म हे देणे मानले आहे. टाकीतल्या माशाला हा हिशेब लावता येत नाही. त्याचा जन्म आपल्या हौसेसाठी, कधी दोन पैशांसाठी घडवलेला असतो. त्यामुळे देणेकरी आपण ठरतो. शतपथ ब्राह्मणातली मनूची कथा इथे उपयोगी पडते. हात धुण्याच्या पाण्यात आलेला चिमुकला मासा मनूला म्हणतो, मला सांभाळ, मोठे मासे लहानांना गिळतात. मनू त्याला आधी मडक्यात ठेवतो, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात सोडतो. प्रलयातून वाचवण्याचे वचन माशाने दिले होते, म्हणून हा सौदा होता असे कोणी म्हणेल. पण मनूने आपली जबाबदारी मासा वाढेल तशी वाढवत नेली आणि ती मध्येच सोडली नाही. शिवाय त्याला जो शेवट उपलब्ध होता, तो आपल्याला नाही. हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८०च्या दशकापासून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला. तो शौकिनांच्या टाक्यांतून सुटला असे मानले जाते, आणि आज अटलांटिकच्या प्रवाळांवर तो उपद्रव बनला आहे. घरात वाढलेला मासा समुद्रात सोडून मोकळे होणे ही दया ठरत नाही. मनूचा मार्ग बंद असल्यामुळे आपले ऋण अधिक लांबते.

यावर पहिला आक्षेप असा, की समुद्रात अशा शेकडो पिल्लांतले एखादेच जगते. टाकीत त्यातली बरीच वाचतात, म्हणजे हिशेब पुण्याच्याच बाजूने झुकतो. हा हिशेब चुकीच्या वहीत मांडला आहे. समुद्रातल्या पिल्लांचे मरण कोणाच्या इच्छेने घडत नाही, तिथे कोणी यजमान नाही. टाकीत मात्र किती जगली याबरोबरच जगलेल्यांचे पुढे काय, हेही विचारले जाणार. क्लाउनफिश टाकीत वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. दोनशे पिल्ले वाचवून ती मिळेल त्या दुकानात, मिळेल त्या बरणीत गेली, तर वाचवण्याचे श्रेय फार काळ टिकत नाही. उपासकाने टाळावेत अशा पाच व्यापारांत बौद्ध परंपरेने सजीवांचा व्यापार घातला आहे, ते याच कारणाने महत्त्वाचे वाटते: विकताच जिवाची काळजी दुसऱ्यावर ढकलली जाते आणि विकणाऱ्याला आपण सुटलो असे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. एका पिल्लासाठी हजारो रोटिफर वाढवून मारायचे, यात कसली अहिंसा? जैन विचाराने या प्रश्नाला सर्वांत बारकाईने तोंड दिले आहे. इंद्रियांच्या संख्येनुसार जिवांच्या पायऱ्या मानल्या, तरी खालच्या पायरीवरची हिंसाही हिंसाच राहते. ती शून्य धरली जात नाही. मासा पंचेंद्रिय आहे. त्याला वेदना होते का, हा प्रश्नही आता केवळ श्रद्धेचा उरलेला नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर वेदनाग्राही मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. रोटिफरांच्या बाबतीत असा पुरावा नाही. म्हणून ही हिंसा क्षम्य आहे असे मी मानतो, पण एका अटीवर: ज्या पिल्लासाठी ती घडली, ते पिल्लू फेकण्याजोगे मानता कामा नये. आणि नेमके तेच घडते. पट्टे तुटक आलेली, चित्रविचित्र नक्षीची पिल्ले निवडून त्यांचे ‘स्नोफ्लेक’, ‘पिकासो’ असे वाण विकले जातात. वाकड्या जबड्याची, आखूड कल्ल्यांची पिल्ले लवंगेच्या तेलाच्या पाण्यात टाकली जातात. १९२८ साली साबरमती आश्रमात असह्य यातनेत असलेल्या वासराला गांधीजींनी मरण देऊ दिले आणि मोठा गदारोळ झाला. त्या निर्णयामागे वासराची वेदना होती, त्याचे रूप नव्हते. ज्या पिल्लाला खाता येत नाही, श्वास घेता येत नाही, त्याच्या बाबतीत तोच न्याय लागू होईल. नुसते देखणे नाही म्हणून मारलेल्या पिल्लाच्या बाबतीत तो लागू होत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. घरोघर पैदास झाली तर प्रवाळावर पोट असलेल्या कोळ्यांचे काय? त्यांना उत्पन्न मिळते म्हणून ते प्रवाळ राखतात, हे काही ठिकाणी खरेही आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो जाळ्याने, जपून पकडलेल्या माशाला योग्य दाम देण्याचा. सायनाइडच्या धंद्याची ती सबब होऊ शकत नाही. शिवाय पैदास म्हणजे किनाऱ्याच्या लोकांची हकालपट्टी असेही नाही. तामिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र बसवले, नवी मुंबईत ऐरोलीलाही या माशांचे उबवणी केंद्र उभे राहिले. असे तंत्र किनाऱ्यावरच्या लोकांच्या हाती देता येते. तिथेही ऋणाचा प्रश्न तोच राहतो, फक्त देणेकरी बदलतो.

म्हणून घरी पैदास करू नये, असे मी म्हणणार नाही. ती करावी, पण अंड्यांच्या संख्येवरून नव्हे, घरांच्या संख्येवरून. वीस पिल्लांना जाणत्या हातांत जागा असेल तर वीसच वाढवावीत. उरलेली अंडी आईबापांच्या टाकीतच फुटू द्यावीत. तिथे ती वाचणार नाहीत, आणि जोडी ठेवणाऱ्यावर त्याचाही थोडा भार राहतो. तरीही सांभाळता येणार नाहीत अशा दोनशे जिवांना पहिला घास घालण्यापेक्षा हा भार हलका आहे. रोटिफरची बादली भरण्याआधी वाचकाने जाणत्या घरांची यादी करावी, आणि जो मासा कोणी घेणार नाही तो शेवटपर्यंत आपल्याच टाकीत राहील, हे स्वीकारूनच पिल्लांच्या टाकीत पाणी भरावे.